मांजरपाटाची सहल

सुरीचं पातं टोमॅटोच्या सालीवर टेकलं, साल आत दबली, तिच्यावर एक लहानशी खळी पडली – पण तुटली मात्र नाही. तिने मनगटाचा भार वाढवला. खळी खोल गेली, तिच्याभोवतीचा लाल रंग ताणून फिका झाला, आणि आता तुटेल, आता तुटेल असं वाटत असतानाच पातं निसटून लाकडी पाटावर आपटलं. टोमॅटो तसाच. अखंड, ओलसर, एका अंगाला किंचित चेपलेला. अपमान गिळून गप्प बसलेल्या माणसासारखा.

ओट्याखालच्या खणात धारेची सुरी होती. हात नुसता खाली न्यायचा अवकाश... पण तो न्यायचा नाही, हेच तर ठरलं होतं. परदेशातल्या त्या भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघराचं एकच छायाचित्र मालकिणीने पाठवलं होतं, त्यात भिंतीवरच्या पट्टीला एक सुरी अडकवलेली दिसत होती, आणि ज्या घरात सतत नवी माणसं येतात नि जातात तिथे सुरीला धार लावायचं कोणाला सुचणार? म्हणून ही बोथट सुरी. म्हणून दोनच शेगड्या – उरलेल्या दोन शेगड्यांवर तिने एक मोठं ताट पालथं घालून ठेवलं होतं. म्हणून एक कढई, एक पातेलं, एक पाट. छायाचित्रात होतं तेवढंच, त्याहून एक चमचाही जास्त नाही. ते छायाचित्र तिला पाठ झालं होतं. डावीकडे शेगडी, वर टांगलेली कढई, मग नळ, मग पाट, मग सुरी, आणि खाली फरशीवर उजव्या कोपऱ्यात एक पांढरा डाग... काढणाऱ्याचा हात हलला असावा. त्या डागाचा तिला काही उपयोग नव्हता.

तिसऱ्यांदा पातं ठेवलं तेव्हा साल फाटली. कापली गेली नाही, फाटली. रस पाटावरून तिच्या बोटांपर्यंत आला. जमलं. बोथट सुरीनेही जमतं – हे आता कळलं, आणि आधी कळलं हेच महत्त्वाचं. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटावर करून बघायचं, एवढी एक गोष्ट तिला आयुष्याने नीट शिकवली होती. ती कपडे बेतण्याचं काम करायची. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर, पुठ्ठ्याचे नमुने, खडू, आणि अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पाडणारी ती जड कात्री. गिऱ्हाइकाचं महाग कापड एकदा कापलं की कापलं. म्हणून आधी जाड्याभरड्या, स्वस्त मांजरपाटाचा कच्चा कपडा शिवायचा, तो अंगावर चढवून बघायचा, कुठे खेचतोय, कुठे झोळ येतोय ते टिपायचं, आणि मगच खरं कापड पसरायचं. तशी ही सहल. जाण्याआधी तिथली सगळी जेवणं इथे, या घरात, त्याच क्रमाने, तेवढ्याच भांड्यांत करून बघायची – कच्चा नमुना. आज त्याचा शेवटचा दिवस होता.

आणि आज संध्याकाळपर्यंत घराच्या मालकिणीला नक्की काय ते कळवायचं होतं. नाहीतर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

नवऱ्याची अट एकच होती, आणि ती वाजवी होती – हेच तिला जास्त लागलं होतं. विमानाचं आणि घराचं कसंबसं बसतंय, तो म्हणाला होता, पण तिथे रोज बाहेर खाल्लं तर आपण परत आल्यावर वर्षभर काय खायचं? जेवणाचं तू जमवलंस तर जाऊ. नाहीतर पुढच्या वर्षी बघू. *पुढच्या वर्षी* – हे दोन शब्द तो किती सहज बोलला, चष्मा पुसता पुसता, आणि तिच्या पाठीच्या कण्यातून काहीतरी ताठ उभं राहिलं. जमवते, ती म्हणाली होती. तेव्हापासून ती जमवत होती.

पहिल्या संध्याकाळी उकडलेले बटाटे जास्तीचे उकडायचे. दुसऱ्या सकाळी त्यांच्याच चकत्या अंड्यात. कोबीची बाहेरची राठ पानं सारात, आतली कोवळी कच्चीच, मीठ चोळून. तांदूळ इथून न्यायचे. मीठही इथूनच, कारण आठवड्याला पुरेल एवढंसं मीठ जगात कुठे विकत मिळत नाही. पाव संध्याकाळी उशिरा घ्यायचा, तेव्हा दुकान तो स्वस्तात देतं. त्याचं शेवटचं कडक टोक कढईत भाजलं की चौथ्या दिवसाचा नाश्ता. ते दुकानही तिला ठाऊक होतं. रोज पहाटे चहा उकळेपर्यंत ती फोनवर त्या दुकानात शिरायची – मी रोज जाते तिथे. दाराशी फळं, मग दूध, मग वळून अंडी. अंडी परवा महागली, काल पुन्हा खाली आली. तिथली एकही बाई मला ओळखत नाही पण मी मात्र... आणि चहा उतू जायचा.

"आज कितवा दिवस?" लेक डोळे चोळत ओट्याशी आली. तिची शेवटची परीक्षा नुकतीच आटोपली होती, आणि सध्या झोप आणि टिंगल हे तिचे दोनच उद्योग होते.

"शेवटचा. सकाळ."

"म्हणजे आज रात्री परत? आई, अगं फोटो एकही काढला नाही आपण!"

नवरा हसला. त्याने अंड्याचा घास घेतला, मान डोलावली – बरं झालंय, हे त्याला मान्य करावंच लागायचं – आणि म्हणाला, "खरं सांगू का? मला तर आता गेल्यासारखंच वाटतंय. बॅगा भरायला नकोत, कान दुखायला नकोत. झाली की सहल. आता जायचं काय राहिलंय?"

गंमतच केली होती त्याने. लेकही हसली. तीसुद्धा हसली, निदान तिचे ओठ हसले. पण ते वाक्य गेलं नाही, ते दाराच्या फटीत अडकलेल्या कागदासारखं कुठेतरी फडफडत राहिलं... *आता जायचं काय राहिलंय.*

"आई, तुझं वाढते."

तिची आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बाबा गेल्यापासून ती इथेच असायची, आणि सहलीला चौथं माणूस तीच होती. तिने हातातला दुधाचा पेला जरासा वर करून दाखवला, पाव त्यात बुडवला.

"मला नको गं. मी पोचल्यावर खाईन."

रोज हेच. पहिल्या दिवसापासून. लेक म्हणायची आजी आंदोलनाला बसलीय; नवरा म्हणायचा उतारवयात चव बदलते, मागे लागू नकोस. पण त्यांना काय माहीत की एका माणसाचं रोज उरलं की काय होतं! आईच्या वाटणीचे बटाटे उरायचे, ते संध्याकाळच्या सारात घातले की सार दाट व्हायचं, मग कोबी उरायचा, आणि कोबी उरला की सगळी आखणी आडव्या धाग्यावर कापलेल्या कापडासारखी एका बाजूला ओढली जायची. चार माणसांचं चार माणसांनी खाऊन बघितल्याशिवाय पुरतं की नाही कळणार कसं? आई असं कधी करायची नाही. आईने आयुष्यभर पुढ्यात येईल ते मुकाट्याने खाल्लं होतं, आणि आता – नेमकं आता... तिने आईचा वाटा डब्यात भरला. झाकण जरा जोरातच लागलं.

कारखान्यात गेल्यावर हाताला काम असलं की डोक्याला बरं वाटायचं. आज फिकट निळं, पाण्यासारखं घरंगळणारं महाग कापड टेबलावर पसरलेलं होतं, आणि ते थोडं कमी पडत होतं. देखरेख करणारा गृहस्थ दोनदा येऊन गेला. "बघा, बसतंय का. नाहीतर गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवू."

"बसवते," ती म्हणाली. हा शब्द आजकाल तिच्या तोंडी आपोआप यायचा.

ती पुठ्ठ्याचे तुकडे फिरवत राहिली. बाही उलटी लावली की तिच्या वळणात खांद्याचा तुकडा शिरतो; कॉलर पाठीच्या रिकाम्या कोपऱ्यात. तुकड्याला तुकडा खेटून, मधली जागा बारीक होत होत खडूच्या रेघेएवढी. तिला हे आवडायचं. कुणाला गाणं आवडतं, कुणाला देव. तिला उरलेली जागा नाहीशी होताना बघणं आवडायचं. शेवटचा तुकडा बसला. टेबलावर आता वाया जाणारी बोटभर पट्टीही नव्हती. तिने खडू उचलला आणि थांबली, कारण रेघ ओढायला जागाच नव्हती. तुकडे एकमेकांना असे भिडले होते की शिवणीसाठी आत सोडायचं कापड कुठेच उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत ही चूक... शिकाऊ माणसाची चूक. असा कपडा दिसायला बिनचूक होतो, आणि घालणाऱ्याने पहिला खोल श्वास घेतला की काखेतून उसवतो.

तिने तुकडे पुन्हा सुटे केले. कोणी बघितलं नव्हतं.

दुपारच्या सुट्टीत काजवाली शेजारी येऊन बसली. बटणांची काजं करणारी, अंगाने भरलेली, तोंडाची फाटकी अशी ही बाई गेला आठवडाभर एकच विनोद करत होती आणि तो शिळा होत नव्हता.

"काय मास्तर, आज डब्यात कुठला देश?"

"तोच. शेवटचा दिवस, दुपार."

"बाई गं! इतकं हिंडून पाय सुजले असतील तुझे." तिने वाकून डब्यात बघितलं. "आणि हे दोन वाटे कशाला? नवरा रुसला?"

"आई खात नाही. म्हणते पोचल्यावर खाईन."

"मग बरोबर आहे की म्हातारीचं." काजवालीने न विचारताच आईच्या वाट्यातला पाव उचलला. "तू सगळ्यांना सगळं इथेच खाऊ घालतेस. तिथे काय, आचवायला जाणार?"

आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली, पाव मोडला, चवीने खाल्ला, मीठ जरा कमी पडलंय म्हणाली, मुलाच्या शाळेबद्दल काहीतरी सांगू लागली. पण तिचा आवाज दूर जात होता, कारण तिच्या मागून दुसरा एक आवाज येत होता – कुठून? – भिंतीला टेकलेल्या, हळूहळू झुलणाऱ्या एका अंगातून...

*चला, गाडी सुटली.*

पत्र्याचा मोठा डबा. त्यात भाजलेले दाणे, गोड वड्या, कडक खारट चकत्या. आई किती दिवस ते करत होती, साऱ्या घराला भाजल्याचा वास होता. समुद्र बघायला जायचं होतं. दाराशी बॅग भरून ठेवलेली. बाबा संध्याकाळी आले आणि त्यांनी बूट काढले नाहीत, बुटांसकट आत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाले, रजा नाही मिळाली. पुढच्या वर्षी नक्की. आईने दाराशी ठेवलेली बॅग उचलून आत नेली. दुसऱ्या संध्याकाळी तिने जमिनीवर चादर अंथरली, मला आणि धाकट्या भावाला समोरासमोर बसवलं, डबा उघडला आणि म्हणाली, चला, गाडी सुटली. किती मजा! आई दिवा मालवायची – बोगदा आला. आई चहावाल्याचा आवाज काढायची. भाऊ खिडकीतून शेजाऱ्यांना टाटा करायचा. रोज संध्याकाळी थोडा थोडा प्रवास, रोज थोडा थोडा डबा. प्रवासाचं सगळं खाणं आम्ही घरात बसून, ठरलेल्या क्रमाने खाल्लं, आणि शाळेत जाऊन मी बेधडक सांगितलं की आम्ही जाऊन आलो. खोटं बोलतेय असं वाटलंच नव्हतं. लहानपणातली सगळ्यात आनंदाची आठवण कोणती असं कोणी विचारलं असतं तर तिने, आजवर, हीच सांगितली असती.

आजवर. पण त्या आठवणीत आई कुठे बसली होती? भिंतीला टेकून, गाडीत बसल्यासारखी झुलत. हातात ताटली? ...नाही. तिने नीट बघितलं, शिवण उलटी करून बघावी तसं बघितलं. आईच्या हातात काही नव्हतं. भावाने एक वडी तिच्या तोंडाशी नेली होती, आणि आईने हलकेच त्याचा हात बाजूला केला होता – तुम्ही खा रे. मी पोचल्यावर खाईन.

कात्री टेबलावर होती, कापड टेबलावर होतं, सुट्टी संपल्याची घंटा झाली होती. काजवाली उठून गेली होती. ती मात्र उघडा डबा समोर घेऊन तशीच बसून होती.

म्हणजे मी काय करत होते? आईसारखं व्हायचं नाही म्हणून – पुढच्या वर्षी या शब्दांच्या खाली वाकायचं नाही म्हणून – दात ओठ खाऊन, दोन शेगड्यांवर ताट पालथं घालून, बोथट सुरीने मी नेमकं तेच केलं. चादर अंथरली. घरच्यांना समोरासमोर बसवलं. डबा उघडला. आणि डबा संपत आल्यावर नवरा तृप्तपणे म्हणाला, झाली की सहल. त्याचं काय चुकलं? मीसुद्धा शाळेत हेच सांगितलं होतं.

दुपारभर ती निळं कापड कापत राहिली. प्रत्येक तुकड्याभोवती आत मुडपायला बोटभर कापड सोडत गेली. ते बसवायला बाही थोडी अरुंद करावी लागली, कॉलर जोडाची करावी लागली, पण सोडलं. कात्री सरळ चालली. मांजरपाटाच्या कच्च्या कपड्यांचं शेवटी काय होतं, हे तिला रोज दिसायचं – मशिनचं तेल पुसायला ते फाडले जायचे. ते घालून कोणी कुठे गेल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा नवरा फोन हातात धरूनच बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर आपण कोणाला तरी वाट बघायला लावतोय याची अस्वस्थता होती; तो वाईट माणूस नव्हता, कधीच नव्हता. "ती बाई विचारतेय. दोनदा विचारलं."

ओट्यावर शेवटच्या रात्रीची तयारी सकाळीच मांडून ठेवलेली होती: उरलेले बटाटे, अर्धा कांदा, अंडं, पावाचं टोक. सगळं जिथल्या तिथे. ती बघत राहिली. मग तिने शेगड्यांवरचं पालथं ताट उचललं, धुऊन उभं करून ठेवलं. खण उघडून धारेची सुरी काढली. टोमॅटोवर पातं टेकलं न टेकलं तोच तो दोन झाला, आतल्या बिया चमकल्या.

"हे काय? चारही शेगड्या?" लेक म्हणाली. "नियम मोडला!"

"आज घरचं जेवण आहे."

"आणि शेवटच्या रात्रीचं?" नवऱ्याने विचारलं. "तेवढंच राहिलं होतं ना बघायचं? ते जमतंय की नाही, कळणार कसं?"

"नाही कळणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ती रात्र मी बेतलेली नाही. बाकी सगळं जमतंय, तू खाऊन बघितलंस. ती एक रात्र मोकळी आहे."

"मोकळी म्हणजे उपाशी?"

"मोकळी म्हणजे मोकळी. तिथे गेल्यावर काय ते दिसेल."

"आणि ते महाग पडलं तर?"

"पडू दे."

तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. मोठा नव्हता. पण त्याच्या खाली कुठेतरी जमीन होती. नवरा तिच्याकडे बघत राहिला, मग फोनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्याच्या कपाळावरची ती आठी – ती राहील की जाईल, ते आत्ता सांगता येत नव्हतं. "अगं, पण ठरलं होतं की..." तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडून त्याने चष्मा काढला. पुसू लागला.

तिने टोमॅटोच्या फोडी कढईत सोडल्या. तो हो म्हणेल किंवा पुढच्या वर्षी म्हणेल; आणि पुढच्या वर्षी म्हणाला तर मी याच ओट्यापाशी उभी राहून पुन्हा म्हणेन, आणि पुन्हा. पण डबा आता उघडायचा नाही. यापुढे या घरात तिथलं काही शिजणार नाही.

चौघं जेवली. आईने वाढलेलं सगळं खाल्लं, वर थोडं मागून घेतलं. तिने आईला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं बरंच होतं – एवढी वर्षं तू... – पण ते शब्दांत बसवलं असतं तर शिवणीला जागा उरली नसती. आई हात धुऊन आली, पदराने बोटं टिपत तिच्या शेजारी उभी राहिली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हणाली, "दाखव बघू मला ते स्वयंपाकघर."

तिने फोन दिला. आईने तो हात लांब करून धरला, डोळे बारीक केले. शेगडीकडे तिने बघितलं नाही. कढईकडे नाही, सुरीकडे नाही. तिचं बोट काचेवरून घसरत खाली उजव्या कोपऱ्यात गेलं, त्या पांढऱ्या डागावर थांबलं.

"ऊन येतं गं इथे," आई म्हणाली.

ती वाकली. ऊन होतं. फरशीवर तिरकं पडलेलं, कडेला खिडकीच्या गजाची पुसटशी सावली असलेलं. आणि ती खिडकी छायाचित्राच्या बाहेर होती, आणि खिडकीच्या बाहेर... काय असेल? भिंत असेल, झाड असेल, कोणाचे वाळत घातलेले कपडे, कदाचित पाणी. तिच्या मनाने सवयीने खडू उचलला, आखायला सुरुवात केली, आणि तिने तो हळूच खाली ठेवला. आतल्या खोलीत नवरा कोणाशी तरी फोनवर बोलू लागला होता. त्याचे शब्द ऐकू येत नव्हते, नुसता चढ-उतार. तिने ते ऐकायचा प्रयत्न केला नाही. ती त्या उन्हाकडे बघत राहिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच – आत्ताच जेवण झालं होतं तरी – तिला भूक लागली.